इन्सुलिन आणि साखरेच्या तपासण्या: गोव्यात पहिल्यांदाच करून घेणाऱ्यांसाठी

दोन वर्षांपूर्वीच्या पावसाळ्यात माझ्या हातात एक रिपोर्ट आला. उपाशीपोटी साखर १०४, उपाशीपोटी इन्सुलिन ८४. रात्री जेवणं आटोपल्यावर मोबाईलवर होमा-आयआर नावाचा निर्देशांक काढणारा एक कॅल्क्युलेटर शोधला, दोन्ही आकडे घातले, तर उत्तर आलं २१.६. खाली लाल अक्षरांत लिहिलं होतं: २.५ च्या वर म्हणजे इन्सुलिन रेझिस्टन्स, म्हणजे शरीर इन्सुलिनला नीट दाद देत नाही. माझ्या आईला पंचवीस वर्षं मधुमेह आहे, तिच्या पायाचं एक बोट काढावं लागलेलं मी पाहिलं आहे. ती रात्र गेली, दुसरी रात्रही गेली, डोळ्याला डोळा लागला नाही.

तिसऱ्या दिवशी डॉक्टरांनी रिपोर्टवरच्या बारीक अक्षरांवर पेन टेकवलं. माझं इन्सुलिन ज्या एककात मोजलं होतं ते आणि कॅल्क्युलेटरला हवं होतं ते, ही दोन वेगळी एककं होती. खरा आकडा साडेतीनच्या आसपास निघाला. लक्ष द्यायला हवं असा, पण दोन रात्री जागून काढाव्यात असा नव्हे.

मी डिचोली तालुक्यात राहते, शाळेत शिकवते. डॉक्टर नाही. पण त्यानंतरच्या दोन वर्षांत या तपासण्या मी स्वतःच्या, भावाच्या आणि दोन मावश्यांच्या निमित्ताने इतक्यांदा पाहिल्या की कुठे पाय घसरतो ते पाठ झालं आहे. तुमचा तो वेळ आणि ती भीती वाचावी म्हणून हे लिहिते. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) देशव्यापी पाहणीत मधुमेहाचं प्रमाण सगळ्यात जास्त गोव्यात निघालं: २६.४ टक्के. देशाचं प्रमाण ११.४ टक्के. म्हणजे आपल्याकडे चार प्रौढांमागे एक. ज्याला आपल्या आज्या 'गोडेमूत' म्हणायच्या तो आजार आपल्या प्रत्येक वाड्यावर आहे, त्यामुळे ही माहिती आज ना उद्या प्रत्येक घरात लागणारच.

१. आधी प्रश्न ठरवा, मग तपासणी

लॅबच्या यादीत पंधरा नावं असतात आणि 'फुल पॅकेज' घेतलं की सगळं कळेल असं वाटतं. तसं होत नाही. प्रत्येक तपासणी एका वेगळ्या प्रश्नाचं उत्तर देते.

कुळागरातल्या, म्हणजे सुपारीच्या बागेतल्या, टाकीचं उदाहरण घ्या. पाणी रोज एकाच खुणेपर्यंत भरलेलं दिसतं. पण ते तिथे राखायला एक पंप चालतो आहे की चार, हे टाकीत डोकावून कळत नाही. रक्तातली साखर म्हणजे ती पाण्याची पातळी आणि इन्सुलिन म्हणजे पंप. शरीर इन्सुलिनला नीट दाद देईनासं झालं की स्वादुपिंड जास्त इन्सुलिन सोडतं आणि साखर कित्येक वर्षं 'नॉर्मल' दाखवत राहतं. पंप थकले की मग पातळी ढळते.

म्हणून प्रश्न तीन:

• माझी साखर आज कुठे आहे? याला उपाशीपोटीची साखर, एचबीए१सी (तीन महिन्यांच्या साखरेची सरासरी) आणि ग्लुकोज टॉलरन्स टेस्ट (ग्लुकोज पिऊन ठरावीक वेळाने मोजलेली साखर).
• ती तिथे राखायला शरीराला किती इन्सुलिन लागतं? याला उपाशीपोटीचं इन्सुलिन आणि त्यावरून काढलेला होमा-आयआर.
• स्वादुपिंडात अजून किती दम आहे? याला सी-पेप्टाइड. इन्सुलिन तयार होताना त्याच्या बरोबरीने हा तुकडा सुटतो आणि इन्सुलिनपेक्षा जास्त वेळ रक्तात टिकतो. जे इन्सुलिनचं इंजेक्शन घेतात त्यांच्यासाठी हाच उपयोगाचा, कारण इंजेक्शनमध्ये सी-पेप्टाइड नसतं.

पहिल्या प्रश्नाचं नीट उत्तर मिळाल्याशिवाय दुसऱ्यावर पैसे घालू नका, असं माझं स्पष्ट मत आहे. मी नेमकं उलटं केलं होतं.

२. सुईच्या आधी टेप

शिवणकामाची टेप घ्या. सगळ्यात खालची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध, श्वास सहज सोडून, पोट आत न ओढता माप घ्या. आपल्या दक्षिण आशियाई लोकांसाठी पुरुषांत ९० सेंटिमीटर आणि स्त्रियांत ८० सेंटिमीटरच्या वर धोका धरतात. मानेच्या मागे, काखेत कातडी काळपट आणि मखमलीसारखी जाड झाली असेल तर तेही डॉक्टरांना दाखवा. ती मळाची पुटं नव्हेत, घासून जात नाहीत. अंगात इन्सुलिन जास्त असल्याची ती नेहमीची खूण आहे.

'मी तर काटकुळा, मला कसला मधुमेह' हे आमच्याकडे फार ऐकू येतं. पुण्याच्या केईएम हॉस्पिटलचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे जॉन युडकिन यांनी २००४ साली 'लॅन्सेट'मध्ये दोघांचा एकत्र फोटो छापला होता. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजन, अगदी सारखा, २२.३. पण युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के आणि याज्ञिक यांच्या शरीरात २१.२ टक्के. वजनकाट्यावर विसंबू नका, टेप लावा.

३. तीन मूळ तपासण्या आणि त्यांचे आकडे

साखरेचे आकडे मिलीग्रॅम प्रति डेसीलिटरमध्ये, एचबीए१सी टक्क्यांत, अमेरिकन डायबेटिस असोसिएशनच्या निकषांप्रमाणे:

• उपाशीपोटी साखर: १०० च्या खाली नॉर्मल, १०० ते १२५ प्री-डायबेटिस (मधुमेहाच्या आधीचा, मधला टप्पा), १२६ किंवा वर मधुमेह. (जागतिक आरोग्य संघटना मधला टप्पा ११० पासून धरते. म्हणून दोन लॅबच्या रिपोर्टवर दोन वेगळ्या 'नॉर्मल' मर्यादा दिसल्या तर गोंधळू नका.)
• ७५ ग्रॅम ग्लुकोज प्यायल्यावर दोन तासांनी: १४० च्या खाली नॉर्मल, १४० ते १९९ मधला टप्पा, २०० किंवा वर मधुमेह.
• एचबीए१सी: ५.७ टक्क्यांच्या खाली नॉर्मल, ५.७ ते ६.४ प्री-डायबेटिस, ६.५ किंवा वर मधुमेह.

लक्षणं नसतील तर एकाच सकाळच्या एकाच आकड्यावरून कुणालाही मधुमेही ठरवत नाहीत. दुसऱ्यांदा खात्री करतात.

एचबीए१सीला उपास लागत नाही, तीन महिन्यांची सरासरी कळते, म्हणून सगळ्यांना ती सोयीची वाटते. पण ती मोजते हिमोग्लोबिनला चिकटलेली साखर. हिमोग्लोबिनच बिघडलेलं असेल तर आकडाही फसवा. लोह कमी असल्याने रक्त कमी झालं असेल तर एचबीए१सी खोटी वाढलेली दिसू शकते. नुकतंच रक्त चढवलं असेल किंवा लाल पेशी लवकर फुटण्याचा आजार असेल तर खोटी कमी. माझ्या धाकट्या मावशीची एचबीए१सी ६.३ आली आणि घरात काळजी पसरली. हिमोग्लोबिन पाहिलं तर ८.९. रक्त भरून आल्यावर चार महिन्यांनी तीच तपासणी ५.६ वर आली. तेव्हा एचबीए१सीबरोबर साधी सीबीसी (हिमोग्लोबिन आणि रक्तपेशींची तपासणी) करून घ्याच. थॅलेसिमिया किंवा सिकलसेलचा गुण घरात असेल तर तसं आधी सांगा.

४. बरोबर काय न्यायचं

• डॉक्टरांची चिठ्ठी. त्यावर तपासणीचं पूर्ण नाव हवं. नुसतं 'जीटीटी' (ग्लुकोज टॉलरन्स टेस्ट) लिहिलं असेल तर किती नमुने, कितीव्या मिनिटाला आणि इन्सुलिनही हवं का, हे विचारून लिहून घ्या.
• आधार कार्ड. गोमेकॉत (गोवा मेडिकल कॉलेजात), म्हापसा किंवा मडगावच्या जिल्हा हॉस्पिटलात जाणार असाल तर गोव्यातल्या रहिवासाचा पुरावा आणि जुना केसपेपर.
• चालू गोळ्यांची यादी, व्हिटॅमिन आणि आयुर्वेदिक धरून.
• जुने रिपोर्ट, तारखेप्रमाणे लावलेले.
• पाण्याची बाटली, घड्याळ, वाचायला काही, आणि तपासणी झाल्यावर खायला डबा.
• बाळंतपणात किंवा रक्त देताना पूर्वी चक्कर आली असेल तर सोबतीला माणूस.

५. आदले तीन दिवस

सगळ्यात जास्त लोक इथे चुकतात, आणि चांगल्या हेतूने चुकतात. 'तपासणी आहे' म्हटलं की तीन दिवस आधीपासून भात बंद, पाव बंद, नुसती भाजी आणि मासे. ग्लुकोज टॉलरन्स टेस्टच्या आधीचे तीन दिवस रोज किमान १५० ग्रॅम कर्बोदकं पोटात जायला हवीत. ती एकदम तोडली की शरीराची ग्लुकोज हाताळायची सवय मोडते आणि तपासणीत साखर खोटी वाढलेली दिसते. दोन वेळचं साधं शीत-कडीचं (भात-कालवणाचं) जेवण आणि सकाळचे दोन पाव यांत १५० ग्रॅम सहज भरतात. नेहमीसारखं जेवा. चतुर्थीच्या नेवऱ्या संपेपर्यंत मात्र तपासणी पुढे ढकला, कारण तेही तुमचं नेहमीचं जेवण नव्हे.

आणखी चार गोष्टी:

• आदल्या दिवशी एकदम जोरकस व्यायाम किंवा दिवसभर शेतात राबणं नको. त्याने इन्सुलिनला मिळणारी दाद एक-दोन दिवस सुधारलेली दिसते.
• आदल्या रात्री दारू नको, मग ती काजूची उराक असो की बिअर. यकृत साखर बनवायचं काम आवरतं घेतं आणि सकाळचा आकडा फसवा कमी येऊ शकतो.
• ताप, जुलाब, दात काढणं, रात्रभर जागरण: यापैकी काही झालं असेल तर तारीख बदला.
• स्टिरॉइडच्या गोळ्या साखर वाढवतात. पण कुठलीही गोळी मनाने बंद करू नका. घेत असल्याचं सांगा. केस-नखांसाठीच्या बायोटिनचा मोठा डोस चालू असेल तर तो किती दिवस आधी थांबवायचा हे विचारा, कारण काही मशिनवर त्यामुळे इन्सुलिनचा आकडा चुकतो.

उपास ८ ते १४ तासांचा. आपल्याकडे जेवणं उशिरा होतात, तेव्हा आदल्या रात्री साडेआठला ताट उचलायचं ठरवा. सोळा-सतरा तास उपाशी राहून जास्त 'शुद्ध' रिपोर्ट येईल ही समजूतही चुकीची.

६. ग्लुकोज पिण्याची सकाळ

माझी ती सकाळ जशीच्या तशी सांगते, म्हणजे तुम्हाला काय पाहायचं ते कळेल.

साडेसातला पोचले. बाहेर पागोळ्या गळत होत्या, आत बाकड्यावर सात-आठ माणसं. मी बसस्टॉपपासून भराभर चालत आले होते म्हणून लॅबमधल्या मुलीने दहा मिनिटं बसवून ठेवलं. 'बाय, उदक पियेल्यार चलता, च्या मात नाका,' (पाणी चालेल, चहा मात्र नको) ती म्हणाली. पहिला नमुना घेतला. तिच्या ट्रेमध्ये तीन रंगांच्या झाकणांच्या नळ्या होत्या: करड्या, जांभळ्या आणि पिवळ्या. करडी साखरेसाठी, जांभळी एचबीए१सीसाठी, पिवळी इन्सुलिनसाठी.

त्या करड्या झाकणावर नजर ठेवा. त्या नळीत सोडियम फ्लोराइड असतं. रक्त बाहेर काढलं तरी त्यातल्या पेशी जिवंत असतात आणि साखर खात राहतात. साध्या नळीत साखर तासाला पाच ते सात टक्क्यांनी उतरते. म्हणजे १२६ ची साखर तीन तासांनी १०५ च्या आसपास मोजली जाईल आणि मधुमेह असलेला माणूस 'थोडीशी वाढलीय' ऐकून घरी जाईल. सत्तरी, पेडणे, काणकोण अशा ठिकाणी नमुना गावात घेतात आणि शहरातल्या लॅबला पाठवतात, तिथे हे फार महत्त्वाचं. फ्लोराइडलाही पूर्ण लागू पडायला तास-दोन तास जातात. म्हणून 'नमुना किती वाजता मशिनवर जाणार? इथेच मशिनमध्ये फिरवून पेशी वेगळ्या करता का?' हे दोन प्रश्न मी आता प्रत्येक ठिकाणी विचारते. चांगली लॅब यावर रागावत नाही.

मग ग्लुकोज. ७५ ग्रॅम, २५० ते ३०० मिलिलिटर पाण्यात. पुडी लॅबची असेल तर प्रश्न नाही. घरून आणायला सांगितलं तर लक्षात ठेवा, बाजारातली ग्लुकोज पावडर बहुतेक मोनोहायड्रेट असते, तिच्यात पाण्याचा अंश असतो. तिची ८२.५ ग्रॅम म्हणजे ७५ ग्रॅम ग्लुकोज. 'तीन चमचे घाला' असं मोजमाप चालत नाही.

ते पाणी गोडमिट्ट लागतं आणि उपाशीपोटी मळमळतं. पाच मिनिटांत संपवायचं, पण घटाघटा नको. वेळ मोजायची ती पहिल्या घोटापासून. मी ग्लास तोंडाला लावला तेव्हा घड्याळात ७:५२ होते आणि ते मी चिठ्ठीच्या मागे लिहून ठेवलं. त्याचा उपयोग झाला, कारण दोन तासांचा नमुना घेताना मुलगी मला विसरून दुसऱ्या पेशंटमध्ये गुंतली होती. ९:५० ला मीच उठून सांगितलं. वीस मिनिटं उशीर झाला असता तर आकडा दोन तासांचा राहिलाच नसता.

मधल्या वेळात बसून राहायचं. बाजारात भाजी घेऊन येते, बँकेचं काम उरकून येते, असं करू नका. चालताना स्नायू साखर ओढून घेतात. सिगारेट नको, च्युइंगम नको. उलटी झाली तर लपवू नका. ती तपासणी बाद, दुसऱ्या दिवशी पुन्हा.

शक्य असेल तर एक तासाचा नमुनाही मागून घ्या. आंतरराष्ट्रीय मधुमेह महासंघाने २०२४ मध्ये एक तासाच्या आकड्यालाही मान्यता दिली: १५५ किंवा वर म्हणजे मधला टप्पा, २०९ किंवा वर म्हणजे मधुमेह. माझी उपाशीपोटीची १०४, एक तासाची १८१ आणि दोन तासांची १३६ होती. दोन तासांचा आकडा एकटा पाहिला असता तर 'सगळं ठीक' म्हणून मी उठून आले असते.

गरोदर बायकांसाठी नियम वेगळा. सरकारी केंद्रांत त्यांना उपाशी नसतानाही ७५ ग्रॅम ग्लुकोज देऊन दोन तासांनी साखर पाहतात, आणि १४० किंवा वर आली की गरोदरपणातला मधुमेह धरतात. उपास धरून, चक्कर येईपर्यंत रांगेत उभं राहण्याची गरज नाही.

७. इन्सुलिनचा आकडा आणि होमा

आता तो कॅल्क्युलेटर. होमा ही पद्धत १९८५ साली ऑक्सफर्डच्या डेव्हिड मॅथ्यूज आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मांडली. सूत्र सोपं:

उपाशीपोटी साखर (मिलीग्रॅम प्रति डेसीलिटर) × उपाशीपोटी इन्सुलिन (मायक्रो-युनिट प्रति मिलिलिटर) ÷ ४०५

साखर मिलीमोलमध्ये असेल तर भागायचं २२.५ ने.

माझं इन्सुलिन ८४ पिकोमोल प्रति लिटर होतं. मायक्रो-युनिट हवे असतील तर ६ ने भागायचं, म्हणजे १४. मग १०४ × १४ ÷ ४०५ = ३.६. काही लॅब ६ ऐवजी ६.९४५ ने भागतात, तेव्हा तोच आकडा ३.१ येतो. मी रागाने लॅबला फोन केला होता. त्यांची चूक नव्हतीच, एकक छापलेलं होतं, मी वाचलं नव्हतं. तुम्ही आकड्याच्या शेजारची ती बारीक अक्षरं आधी वाचा.

यातले इतर सापळे:

इन्सुलिन मोजण्याची मशिनं एकमेकांशी जुळवलेली नाहीत. एका लॅबचे १२ दुसऱ्या लॅबमध्ये १६ असू शकतात. म्हणून सहा महिन्यांनी तुलना करायची असेल तर त्याच लॅबमध्ये जा. याच कारणाने होमाला जगभर मान्य अशी एकच रेघ नाही. २ ते २.५ च्या वर गेला की डॉक्टर विचारात घेतात, एवढंच धरा.

स्वादुपिंड इन्सुलिन एका धारेने सोडत नाही, काही मिनिटांच्या लाटांनी सोडतं. म्हणून संशोधक पाच-पाच मिनिटांनी तीन नमुने घेऊन सरासरी काढतात. आपल्याला एकच नमुना मिळतो. तेव्हा ३.६ चा ३.१ झाला म्हणून पेढे वाटू नका आणि ३.९ झाला म्हणून खचू नका.

नळीतल्या लाल पेशी फुटल्या, नमुना गुलाबी झाला, तर इन्सुलिन कमी मोजलं जातं. रिपोर्टवर 'हिमोलाइज्ड' असा शेरा असेल तर पुन्हा नमुना द्या.

आणि सगळ्यात धोक्याचा सापळा: होमा कमी आला म्हणजे सगळं छान, असं नाही. स्वादुपिंड थकलं की इन्सुलिनच कमी सुटतं आणि गुणाकार लहान येतो. साखर १६० आणि इन्सुलिन ४ असेल तर होमा येतो १.६. दिसायला देखणा आकडा, पण त्या माणसाला मधुमेह आहे. इन्सुलिनचं इंजेक्शन घेणाऱ्यांनी होमा काढूच नये.

लिपिड प्रोफाइल आधीच झालं असेल तर इन्सुलिनला मिळणाऱ्या दादेचा आणखी एक अंदाज, टीवायजी (ट्रायग्लिसराइड-ग्लुकोज) निर्देशांक, फुकटात निघतो. ट्रायग्लिसराइड आणि उपाशीपोटीची साखर यांचा गुणाकार, भागिले २, आणि त्याचा नैसर्गिक लॉग. १६० आणि १०४ ला तो ९.० येतो. काही ठिकाणी आधी लॉग घेऊन मग २ ने भागतात, तिथे तोच माणूस ४.९ दाखवतो. कुठलं सूत्र आहे ते न पाहता दोन आकडे शेजारी ठेवू नका.

८. खरं मोजमाप कसं करतात

हे तुम्हाला करून घ्यायचं नाही. पण एकदा समजलं की होमा हा अंदाज का आहे ते मनात पक्कं बसतं.

१९३६ साली हॅरल्ड हिम्सवर्थ या इंग्रज डॉक्टरांनी रुग्णांना तोंडाने ग्लुकोज आणि शिरेतून इन्सुलिन एकाच वेळी दिलं. काहींची साखर वाढलीच नाही, काहींची इन्सुलिन देऊनही वाढली. मधुमेह दोन तऱ्हांचा असतो हे तिथे उघड झालं. रक्तातलं इन्सुलिन मोजता यायला मात्र रोझलिन यालो आणि सॉलोमन बर्सन यांची रेडिओइम्युनोअ‍ॅसे पद्धत यावी लागली, १९५९-६० च्या सुमारास. यालो यांना त्यासाठी १९७७ चं नोबेल मिळालं. बर्सन तोवर हयात नव्हते.

सगळ्यात पक्की मानली जाते ती क्लॅम्प पद्धत, १९७९ मध्ये डीफ्रॉन्झो, टोबिन आणि अँड्रेस यांनी मांडलेली. माणसाला पलंगावर झोपवतात. शिरेतून इन्सुलिन ठराविक वेगाने चालू, सहसा शरीराच्या पृष्ठभागाच्या दर चौरस मीटरला मिनिटाला ४० मिलियुनिट. साखर खाली जाऊ नये म्हणून २० टक्के ग्लुकोजचं सलाइनही चालू. दुसरा हात गरम पेटीत, म्हणजे शिरेतलं रक्त धमनीतल्यासारखं मिळतं. दर पाच मिनिटांनी साखर मोजायची आणि ती ९० च्या आसपास राहील असा ग्लुकोजचा नळ कमीजास्त करत राहायचं. दोन तासांनी साखर स्थिर होते. इतक्या इन्सुलिनपुढे यकृताने स्वतःची साखर बनवणं जवळजवळ थांबवलेलं असतं, म्हणून जेवढं ग्लुकोज आत जातं तेवढंच शरीर, मुख्यतः स्नायू, ओढून घेतं आहे असं धरता येतं. दर किलो वजनामागे मिनिटाला ८ मिलीग्रॅम लागलं तर शरीर छान दाद देतं आहे. ३ वरच भागलं तर नाही.

उपाशीपोटीच्या रक्तावरून काढलेला होमा मुख्यतः यकृताची दाद सांगतो, क्लॅम्प स्नायूंची. म्हणून एकाच माणसाचे दोन निकाल तंतोतंत जुळत नाहीत, आणि त्यात कुणाची चूक नसते. या दोन टोकांच्या मध्ये आणखी दोन पद्धती आहेत. एक रिचर्ड बर्गमन यांची: शिरेतून एकदम ग्लुकोज देऊन तीन तास वारंवार नमुने आणि मग गणिती मॉडेल. दुसरी १९९९ चा मात्सुदा निर्देशांक, जो ग्लुकोज पिण्याच्या साध्या तपासणीतले साखर आणि इन्सुलिनचे सगळे नमुने धरून काढतात. इन्सुलिनवर जास्तीचे पैसे घालायचेच असतील तर ते एकट्या उपाशीपोटीच्या नमुन्यापेक्षा इथे घालावेत असं मला वाटतं, पण डॉक्टरांनी सांगितलं तरच.

९. घरचं मशिन आणि दंडावरचा सेन्सर

घरच्या ग्लुकोमीटरवरून मधुमेहाचं निदान करत नाहीत. आंतरराष्ट्रीय मानकातही १५ टक्के इकडे-तिकडे चालतं, म्हणजे खरी १०० असेल तर ८५ ते ११५ काहीही दिसू शकेल. बोट साबणाने धुऊन, कोरडं करून मगच टोचा. मे महिन्यात भावाची साखर अचानक २४० दाखवली. विचारलं तर नुकताच मानकुराद आंबा सोलून खाल्ला होता, हात फक्त पंचाला पुसला होता. धुऊन पाहिलं तर १३१. पट्ट्यांच्या डबीचं झाकण लगेच घट्ट लावा, आपल्या पावसाळी हवेत त्या लवकर बिघडतात.

दंडावर चिकटवून साखर सतत मोजत राहणारा सेन्सर मी एकदा लावला, चौदा दिवसांचा. तो रक्तातली साखर मोजत नाही, कातडीखालच्या द्रवातली मोजतो, म्हणून पाच-दहा मिनिटं मागे चालतो. पहिल्या दिवशीच्या आकड्यांवर विसंबू नका. त्या कुशीवर झोपलं की दाबाने आकडा खोटा खाली जातो. मला पहाटे तीनला ५८ दाखवून उठवलं, बोट टोचलं तर ९४. पावसाळ्यात घामाने कडा सुटतात, वरून चिकटपट्टी लावा.

पण जेवणाचं गणित मला त्यानेच दाखवलं. उकड्या तांदळाची पेज मला नेहमी हलकी वाटायची. नुसती पेज आणि लोणचं घेतलं त्या दिवशी साखर १६८ ला गेली. त्याच तांदळाचं शीत, बरोबर बांगड्याची कडी आणि तांबडी भाजी, तर १४२. जेवून वीस मिनिटं अंगणात फेऱ्या मारल्या त्या दिवशी १२९. हे माझ्या शरीराचे आकडे आहेत, तुमचे वेगळे असतील. सेन्सर घ्यायचा तर असं काही पडताळून पाहायला घ्या, आणि काय खाल्लं ते वेळेसकट वहीत लिहा. वहीशिवाय तो आलेख नुसती नागमोडी रेघ आहे.

१०. रिपोर्ट घेऊन डॉक्टरांकडे

डॉक्टरांकडे वेळ थोडा असतो. एका कागदावर हे लिहून न्या: तारीख, उपास किती तासांचा, नमुन्यांच्या वेळा, प्रत्येक आकडा त्याच्या एककासकट, लॅबचं नाव, त्या आठवड्यातलं आजारपण आणि गोळ्या, कमरेचं माप, घरात कुणाला मधुमेह. मग विचारा: यातला कुठला आकडा पुन्हा तपासून खात्री करायला हवा? पुढची तपासणी कधी? त्या वेळी इन्सुलिन लागेल की साखर पुरे?

प्री-डायबेटिस असेल तर साधारण वर्षातून एकदा तपासणी होते. मला डॉक्टरांनी सहा महिन्यांनी बोलावलं होतं, ग्लुकोजसकट, आणि इन्सुलिन नको म्हणाले. कमरेचं माप चार सेंटिमीटरने उतरलं होतं. एक तासाची साखर १५८ आली. फाईलमध्ये तो कागद पहिल्या रिपोर्टच्या वर लावला आहे, आणि पुढची तारीख कोपऱ्यात पेन्सिलीने लिहिली आहे.